एक लाख चौसष्ट हजार तीनशे एकोणसाठ

चिमटीला चिमटी हे नाव तिच्या बाबांनीच पाडलं. चार वर्षांची असताना तिने कारखान्यातल्या लोखंडाच्या किसात पडलेला तांदळाएवढा स्क्रू दोन बोटांत पकडून वर काढला, तेव्हापासून. आता ती चाळिशी ओलांडून बसली होती, चष्मा लागला होता, कारखाना तीच बघत होती, पण गिऱ्हाइकंसुद्धा तिला चिमटीताईच म्हणत. खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं.

कारखाना म्हटल्यावर धुराडी वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. तळमजल्यावर दोन खोल्या, त्यांत दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन, आणि डोक्यावर घर. काम एकच, दातेरी चाकं कापायचं. पीठ मळायच्या यंत्राचं चाक, छापखान्याचं चाक, कुणाच्या तरी आजोबांच्या घड्याळाचं चाक. दाते मोडले की लोक इथे येत. बाबांनी हे सगळं उभं केलं आणि गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर ते वरच्या खिडकीशी जाऊन बसले. खाली मशीन चालू झालं की जमिनीतून त्यांना सगळं ऐकू येई. कटर बोथट झालाय हे चिमटीच्या आधी त्यांना कळे, आणि मग वरून काठी दोनदा आपटे.

या घरात जेवताना संख्या फोडत. बाकीच्या घरांत लोक नातेवाईक फोडतात, इथे संख्या. रस्त्यावर दिसलेल्या ट्रकचा नंबर, फोनचे शेवटचे पाच आकडे, काहीही चालायचं. सम की विषम हे तर कुणीही सांगेल, त्याला इथे कुणी विचारत नसे. जिचे लहान लहान तुकडे पडतात ती बाबांच्या लेखी गरीब गाय. एक आणि ती स्वतः सोडून जी कुणालाच दाद देत नाही, ती आडमुठी. पुस्तकात तिला मूळ संख्या म्हणतात. आपल्याहून लहान विभाजकांची बेरीज करावी आणि ती संख्येपेक्षा कमी भरली तर ती न्यून, बाबांच्या भाषेत हात आखडता. जास्त भरली तर विपुल, म्हणजे उधळी. आणि बरोबर तेवढीच भरली तर परिपूर्ण, पण तशा फार थोड्या. सहा, अठ्ठावीस, आणि मग एकदम चारशे शहाण्णव. आई म्हणायची, "माणसांतही तेवढ्याच असतात," आणि बाबांच्या ताटात वाढायची.

हे खूळ नव्हतं, धंदा होता. दोनशे सत्तर पट गती कमी करायची असेल तर दोनशे सत्तरचे तुकडे पाडून त्यांची दोन-तीन चाकं करायची. संख्या आडमुठी निघाली की तुकडे पडत नाहीत, सगळे दाते एकाच चाकावर कापावे लागतात, आणि तिथे भलेभले हात टेकतात.

तीस वर्षांपूर्वी गावातल्या ग्रंथालयाने मोठ्या दालनासाठी एक घड्याळ करायला सांगितलं. साधं घड्याळ नव्हे. भिंतीवर माणसाच्या उंचीएवढी पितळी तबकडी, तिच्यावर वर्षाचे सगळे दिवस, आणि वर्षातून एकच फेरा घेणारा काटा. वाचायला येणाऱ्याने मान वर केली की आज वर्षात आपण कुठे आहोत ते दिसावं. लीप वर्षाची एका दिवसाची चुळबुळ त्यात चालायची, ती सगळ्यांना ठाऊक होती.

आता वर्ष म्हणजे तीनशे पासष्ट दिवस आणि वर पावणेसहा तासांहून थोडं जास्त. हे 'वर थोडं' चाकांत कसं बसवायचं, हा सगळा घोळ. चाकाला अर्धा दाता नसतो. बाबांनी कागदावर पुष्कळ झटापट केली आणि शेवटी साडेचारशे वर्षं एकदम हिशेबात घेतली. साडेचारशे वर्षांत दिवस बसतात एक लाख चौसष्ट हजार तीनशे एकोणसाठ. वीस-एक मिनिटांचा फरक राहतो खरा, पण साडेचारशे वर्षांनी वीस मिनिटांची तक्रार घेऊन कोण येतंय?

महिनाभर ती संख्या त्यांच्याकडे पाहुण्यासारखी जेवायला होती. विषम आहे, म्हणजे दोनाला जागा नाही. आकड्यांची बेरीज अठ्ठावीस, ती स्वतः परिपूर्ण, पण तिला तिनाने भाग जात नाही, म्हणून तीन गेला. पाच नाही, सात नाही, अकरा नाही. तेराने भाग जातो हे दहा वर्षांच्या चिमटीने शोधून काढलं, आणि बाबांनी तिला त्या दिवशी कारखान्यातल्या उंच स्टुलावर बसवून सगळ्या कामगारांना सांगितलं की आजपासून ही साहेब. पुढचं बाबांनी फोडलं. तेरा, सत्तेचाळीस आणि दोनशे एकोणसत्तर. तिन्ही आडमुठे. तिघांचा गुणाकार मात्र हात आखडता. आपल्या सगळ्या विभाजकांची बेरीज करून तो सतरा हजार एक्क्याऐंशीच्या पुढे जात नाही.

तेराचे दुप्पट करून सव्वीस दात्यांचं चाक झालं, सत्तेचाळीसचे चौऱ्याण्णव; जोडीची चाकंही दुप्पट केली की हिशेब तोच राहतो. राहिलं दोनशे एकोणसत्तरचं. ग्रंथालयाने तोवर उद्घाटनाची तारीख ठरवून टाकली होती, आणि बाबांनी भर उत्साहात पितळी पाटी कोरून तबकडीखाली बसवूनही टाकली होती. पाटीवर त्यांचं नाव, खाली ती लांबलचक संख्या, आणि त्याखाली एक ओळ: 'साडेचारशे वर्षांत एका दिवसाचीही चूक नाही.' आधी कळस मग पाया म्हणतात तो हा. घड्याळ चालू झालं, टाळ्या झाल्या, चिमटीला पेढ्यासारखं गोड काहीतरी मिळालं, आणि त्यानंतर सत्तावीस वर्षं काटा बरोबर चालला. बाबा दरवर्षी एकदा तेल घालायला जात तेवढंच.

मग गुडघे गेले. पहिल्या वर्षी बाबा म्हणाले, "मला जरा ग्रंथालयात सोड. तेल घालायचंय."

"शिडीवर चढणार तुम्ही? आई मला घरात घेईल का?" चिमटी म्हणाली. "मी घालते तेल."

ती गेली, शिडी लावली, निगुतीने तेल घातलं आणि परत आली. दुसऱ्या वर्षीही घातलं. तिसऱ्या वर्षीही. बाबा काही बोलले नाहीत. फक्त ती परतली की विचारायचे, "काटा कुठे होता?" आणि तिने आपलं "जागेवर" म्हणून सांगून टाकायचं. काट्याकडे तिने नीट बघितलंच नव्हतं. ज्या घरात बापाने घड्याळ केलेलं असतं, त्या घरात त्याच्याकडे बघून तारीख कोण ठरवतं?

ग्रंथपालबाईंनी बघितलं. या बाई तिथे उमेदवार म्हणून लागल्या तेव्हापासून त्या घड्याळाखालीच बसत. त्यांचा फोन आला की काटा चार दिवस मागे आहे, तीन बोटांचं अंतर स्पष्ट दिसतंय, वाचक हसतात. आणि दालनाची दुरुस्ती निघाली आहे, तेव्हा मंडळातल्या काहींचं म्हणणं आहे की हे काढून तिथे विजेचा फलक लावावा. गुरुवारी बैठक आहे. "तुम्ही आधी येऊन बघून जा, चिमटीताई. मला ते घालवायचं नाहीये, पण मला तिथे सांगायला काहीतरी द्या."

चिमटी गेली. चाकं उतरवून गोणपाटात गुंडाळून कारखान्यात आणली. तिला वाटलं होतं झीज असेल. पण दाते बघितले तर काल कापल्यासारखे. सगळ्यांत वेगवान चाकाचाही दिवसाला एक फेरा, म्हणजे काय काम असतं ते. ती चाकं साडेचारशे वर्षं आरामात गेली असती. मग तिने सहज, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून, मोठ्या चाकाच्या एका दात्यावर खडूची खूण केली आणि मोजायला घेतलं.

दोनशे सत्तर.

माणूस मोजताना चुकतो. तिने परत मोजलं, उलट्या बाजूने. मग दहा-दहा दात्यांवर खुणा करून मोजलं. सत्तावीस खुणा झाल्या आणि शेवटची सुरुवातीच्या खडूच्या खुणेला येऊन अगदी चिकटून बसली. एक दाता जास्त. ती स्टुलावर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

कळायला तसं काही अवघड नव्हतं. दाते सारख्या अंतरावर कापायला मशीनवर भागणीचं डोकं असतं, त्याला भोकांच्या चकत्या लागतात, आणि दोनशे एकोणसत्तर भोकांची चकती जगात कुठे तयार मिळत नाही. आडमुठ्या संख्येला इतर कुठली चकती चालत नाही. दोनशे सत्तर मात्र गरीब गाय, नेहमीच्या चकतीवर हसत हसत निघते. उद्घाटन दारात आलेलं, पाटी भिंतीवर लागलेली. बाबांनी तात्पुरतं म्हणून दोनशे सत्तर कापलं असणार. आणि तात्पुरत्याइतकं टिकाऊ या जगात काही नाही, हे कुणीही घर बांधलेला माणूस सांगेल.

एका जास्त दात्याने काटा वर्षाला एक दिवस आणि आठ-नऊ तास मागे पडतो. बाबा दरवर्षी तेल घालायला जात नव्हते, काटा पुढे ढकलायला जात होते. आणि चिमटी शहाणी तीन वर्षं नुसतं तेल घालून आली होती.

उगीच मनाला चाळा म्हणून तिने दोनशे सत्तरच्या विभाजकांची बेरीज केली. ती भरली साडेचारशे. उधळी संख्या. पाटीवरच्या साडेचारशे वर्षांशी तिचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग; संख्यांना कुणाच्या घरात काय चाललंय याचं सोयरसुतक नसतं. पण चिमटीला त्या वेळी तो टोमणा वाटला आणि तिला बाबांचा राग आला. स्वतःच्या बापाचा इतका राग तिला आधी कधी आला नव्हता. स्टुलावर बसवून साहेब म्हणाले होते ते, आणि त्या साहेबालाच सांगितलं नव्हतं.

आई दुपारी खाली चहा घेऊन आली. चिमटीने चाक पुढे सरकवलं. आईला दात्यांतलं कळत नसे, पण लेकीचा चेहरा वाचता येई.

"तेल घालायला इस्त्रीचा शर्ट कशाला लागतो, असं मी एकदा विचारलं होतं," आई म्हणाली. "मग मला दोन दिवस बोललेच नाहीत. तेव्हापासून मी इस्त्री करून ठेवत गेले."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"काय ते नव्हतं माहीत. काहीतरी आहे हे माहीत होतं. पन्नास वर्षं एका माणसाबरोबर काढल्यावर तेवढं कळतं." तिने कपात चहा ओतला. "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांना विचारू नकोस. या वयात खाली बघायला लावू नकोस त्यांना."

"सव्वा नाही, एक लाख चौसष्ट हजारांची आहे," चिमटी म्हणाली, आणि दोघी हसल्या, पण ते हसणं फार टिकलं नाही.

कारण मूठ झाकून भागणार नव्हतं. गुरुवारी मंडळ एकच प्रश्न विचारणार, इतकी वर्षं बरोबर चाललेलं घड्याळ आता का बिघडलं? झीज झाली म्हणावं, तर पाटी खोटी नाही ठरत, बाबांचं नाव राहतं, पण झिजणारं घड्याळ कोण ठेवेल? तीस वर्षांत झिजलं तर पुढच्या तीस वर्षांत पुन्हा झिजेल. भंगारातच जाईल ते. आणि खरं सांगावं, की चाक पहिल्या दिवसापासून चुकीचं होतं, झीज काडीचीही नाही, योग्य चाक बसवलं की पणतवंडांपर्यंत बघायला नको, तर घड्याळ वाचतं आणि बाबा जातात. सगळ्या गावात ज्यांच्या हाताची शपथ घेत, त्या माणसाने तीस वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली, हे त्यांच्या लेकीने उठून सांगायचं. इकडे आड आणि तिकडे विहीर.

काय सांगायचं ते ठरेना, पण चाक तर कापायला हवं होतं. काहीही झालं तरी बरोबर चाक हातात असावं, एवढं तिचं नक्की होतं.

तिने दोन रात्री अंथरुणात त्याच्यावर विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरची जुनी स्टीलची मोजायची टेप काढून कात्रीने बरोबर दोनशे एकोणसत्तर सेंटिमीटरवर कापली. मग प्लायची एक गोल चकती लेथवर थोडी थोडी उतरवत नेली, टेप भोवती गुंडाळून दोन्ही टोकं अचूक भिडेपर्यंत. झाली दोनशे एकोणसत्तर खुणांची चकती. इतकं सोपं होतं ते. ती चकती तिने भागणीच्या डोक्याच्या हँडलवर बसवली. त्या हँडलचे चाळीस फेरे झाले की कापायचं चाक एक फेरा फिरतं, म्हणून दर दात्याला हँडल टेपवर चाळीस सेंटिमीटर पुढे न्यायचं. चाळीस, ऐंशी, एकशे वीस, असं दोनशे चाळीसपर्यंत, मग टोक ओलांडून अकरा, एक्कावन्न, एक्क्याण्णव. दोनशे एकोणसत्तर आडमुठी असल्याने यात एक गंमत होते. टेपवर रोखलेला काटा प्रत्येक खुणेवर येतो, एकीवरही दोनदा येत नाही, आणि सगळ्या संपल्या की बरोबर सुरुवातीला पोचतो. मध्ये एकदा चुकलं की मात्र पितळाचा पत्रा फुकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सुरुवात केली. जेवणाच्या ताटाएवढी पितळी चकती, आणि तिच्या कडेवर एकेक दाता. कटर पुढे जायचा तेव्हा बारीक किंचाळल्यासारखा आवाज यायचा, मागे यायचा तेव्हा गप्प. प्रत्येक दात्यागणिक ती फळ्यावर खडूची रेघ ओढत होती. वरून काठी एकदाही वाजली नाही. एकशेदहाव्या दात्याला तिच्या मनात पाल चुकचुकली. हँडल फिरवलं का आपण, की रेघच ओढली नुसती? तिने मशीन थांबवलं आणि हिशेब केला. एकशेदहा गुणिले चाळीस, चार हजार चारशे. त्यातून दोनशे एकोणसत्तर सोळा वेळा काढले तर राहतात शहाण्णव. तिने चकतीजवळ वाकून बघितलं. काटा शहाण्णववर होता. तिने सुस्कारा सोडला आणि मशीन पुन्हा चालू केलं. दिवेलागणीच्या आत शेवटचा दाता कापून झाला आणि काटा टेपच्या जोडावर येऊन उभा राहिला.

गुरुवारी मंडळाच्या खोलीत लांब टेबलाभोवती सात-आठ माणसं होती. ओळखीची म्हणाल तर तीन. अध्यक्ष, हे निवृत्त डॉक्टर, ऐकू कमी येत असल्याने पुढे वाकून बसलेले. ग्रंथपालबाई. आणि विजेच्या फलकाची सूचना आणणारे इंजिनिअर, तसे सज्जन गृहस्थ, फक्त दर सकाळी आपल्या टेबलासमोरचा काटा चुकीचा बघून वैतागलेले.

"कारण काय निघालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"झीज," चिमटी म्हणाली. ठरवून नाही म्हणाली, तोंडून निघालं. "मोठं चाक झिजलं होतं. नवीन करून आणलंय."

"मग तीस वर्षांनी पुन्हा झिजणार," इंजिनिअर म्हणाले. आवाजात जोर वगैरे नव्हता. "चिमटीताई, तुमच्या हाताबद्दल प्रश्नच नाही. पण तीस वर्षांनी ते कोण कापणार? तुमच्यानंतर कुणी आहे का हे काम करणारं?"

कुणी नव्हतं. अध्यक्षांनी मान डोलावली आणि समोरचा कागद जवळ ओढला. ग्रंथपालबाई टेबलाकडे बघत राहिल्या. चिमटीला दिसलं की आता हा माणूस लिहिणार, आणि लिहिलं की संपलं.

"थांबा," ती म्हणाली. "झीज नाहीये."

तिने दोन्ही चाकं टेबलावर ठेवली, जुनं आणि नवं. एकदा सुरू केल्यावर तिने काही वगळलं नाही. संख्या सांगितली, तिचे तीन तुकडे सांगितले, जुन्यावर एक दाता जास्त आहे हे सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, एवढी मोठी संख्या, एखादा दिवस कमी-जास्त धरून सोपी संख्या घ्यायला काय हरकत होती? तिने तेही करून बघितलं होतं. एक कमी केला तर तीनशे सत्त्याण्णव आडवे येतात, एक वाढवला तर पाचशे सत्त्याऐंशी. दोघेही आडमुठे, आणि दोनशे एकोणसत्तरपेक्षा दांडगे.

"मूळ संख्या आहेत," इंजिनिअर अध्यक्षांच्या कानाशी वाकून म्हणाले. त्यांना तोवर सगळं कळून चुकलं होतं. त्यांनी जुनं चाक उचलून प्रकाशात धरलं, दात्यांवरून अंगठा फिरवला. "हे खरंच झिजलेलं नाही. अजिबात नाही. मग सत्तावीस वर्षं काटा बरोबर कसा होता?"

"बाबा दरवर्षी येऊन पुढे ढकलायचे."

"आम्हाला वाटायचं तेल घालतात," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "शिडी मीच धरायचे."

टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे तीस वर्षं फसवलं आपल्याला."

त्यात खोटं काय होतं? पण ते ऐकताना तिला वाटलं की आपण बापाला हाताला धरून इथे आणलं आणि या लोकांसमोर उभं करून निघून गेलो.

इंजिनिअरांनीच शेवटी फलकाची सूचना मागे घेतली. न झिजणारं यंत्र काढायला कारण नाही, म्हणाले. नवं चाक पुढच्या आठवड्यात बसवायचं ठरलं. जाताना ग्रंथपालबाई जिन्यापर्यंत आल्या. "पाटीचा विषय कुणीतरी काढला होता. मी म्हटलं, पाटी राहू दे. नवं चाक लागलं की आता कुठे ती खरी होतेय."

चिमटी पायी घरी आली. वाटभर तिने एकच ठरवलं, की बाबांना खरं सांगायचं नाही. गावाला कळलं ते कळलं, बाबा काही आता जिना उतरून गावात जात नाहीत. त्यांना आपलं झीज म्हणून सांगायचं.

बाबा ताटावर बसले होते. आई वाढत होती.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"ठेवणार आहेत घड्याळ."

"कारण काय सांगितलंस?"

"झीज," चिमटी म्हणाली आणि पाण्याचा तांब्या उचलला.

बाबांनी दोन घास खाल्ले. हा माणूस आयुष्यभर चाकांत वावरलेला. झिजलेलं घड्याळ कुठलंही मंडळ ठेवणार नाही, हे त्यांना कळणार नाही असं तिने कसं धरलं, देव जाणे. प्रेमात माणसाचं डोकं जरा कमीच चालतं.

"बरं केलंस," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, ताटाकडेच बघत, "पाटी काढली का?"

"नाही. राहणार आहे. आता कुठे ती खरी होतेय, बाई म्हणा..." चिमटी थांबली. शब्द तोंडातून गेला होता.

आईच्या हातातला चमचा भांड्यावर तसाच राहिला. चिमटीला बाबांच्या तोंडाकडे बघवेना. ते मोडले असतील, आणि आपण मोडलं, असं तिला वाटलं.

"उद्घाटनानंतर वर्षभराने सुचलं मला, टेपचं. तुलाही तेच सुचलं असणार," बाबा म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, फक्त हळू. "तोवर पाटी लागून वर्ष झालं होतं. चाक काढायचं म्हणजे सांगावं लागलं असतं. म्हटलं पुढच्या वर्षी सांगू. दरवर्षी म्हटलं." त्यांनी बोटाने ताटाच्या कडेवर रेघ ओढली. "तुला तरी सांगायला हवं होतं. तेवढं चुकलं माझं."

चिमटीचे डोळे भरले आणि तिने ते लपवले नाहीत.

"दोनशे एकोणसत्तर भरले," बाबा म्हणाले. "वरून मोजत होतो. एकशेदहाव्याला थांबलीस. का?"

"मोजणीत शंका आली."

"शहाण्णववर असायला हवी होतीस."

"शहाण्णववरच होते," ती म्हणाली, आणि आईने दोघांना वाढलं.